चाकांवरचें घर आणि त्याची निगा



आजच्या भाषणाचा विषय ऐकून आपणांपैकीं कित्येकांस किंचित् नवल वाटेल. ज्या गाडीस इंग्लंडांत व अमेरिकेंत मोटरहोम म्हणतात, म्हणजे जिच्या पोटांत निजावयाची, रांधावयाची व नहावयाची सोय केलेली असते, ती गाडी आपल्याकडे अद्यापि विरळाच. महाराष्ट्र शासनानें २०२१ सालीं कॅरव्हॅन पर्यटनाचें धोरण जाहीर केलें, तेव्हांपासून तिचें नांव इकडेहि कानांवर येऊं लागलें आहे. इंग्लंडांत मात्र हजारों कुटुंबांपाशीं, आणि विशेषेंकरून सेवानिवृत्त माणसांपाशीं, अशी गाडी असते. आणि तिकडे स्थायिक झालेल्या आपल्या मराठी मंडळींतहि ती बाळगणारे आहेत. माझी मुलगी तिकडे असते. तिच्या घरीं दोन उन्हाळे राहण्याचा योग आला, तेव्हां जांवईबापू आपल्या गाडीची डागडुजी करीत असतां मी जवळ उभा असें. पुढें पुढें हातांत पान्हा घेऊनहि उभा राहूं लागलों. 'कां?' असें विचारण्याची शाळामास्तराची खोड निवृत्तीनंतरहि सुटत नाहीं. त्या प्रश्नांचीं जीं उत्तरें मिळालीं, तीं आज आपणांपुढें ठेवावयाचीं आहेत.

असल्या घराची कल्पना जुनी आहे. १८८५ सालीं गॉर्डन स्टेबल्स नांवाच्या, आरमारांतून निवृत्त झालेल्या एका स्कॉटिश डॉक्टरानें केवळ हौसेच्या प्रवासाकरितां ब्रिस्टल येथें एक घरगाडी बांधवून घेतली व तिला 'वाँडरर', म्हणजे भटकी, असें नांव दिलें. दोन घोडे ती ओढीत. तींतून त्यानें थेट इन्व्हर्नेसपर्यंत मजल मारली. १९०७ सालीं अशा हौशी लोकांनीं इंग्लंडांत कॅरव्हॅन क्लब ही संस्था काढली. पुढें घोडे गेले आणि यंत्र आलें. घोड्यास रोज दाणावैरण लागे, खरारा लागे; म्हणून धन्यास रोज त्याच्याजवळ जावें लागे. यंत्र रोज कांहींच मागत नाहीं, आणि म्हणूनच त्याची हेळसांड होते.

या घरांत व आपल्या दगडामातीच्या घरांत एक मूलभूत भेद आहे, तो प्रथम ध्यानांत घ्यावा. आपलें घर एका जागीं स्वस्थ उभें असतें. मोटरहोम चालूं लागलें कीं त्याच्या प्रत्येक भिंतीस, प्रत्येक नळास आणि प्रत्येक तारेस धरणीकंप सोसावा लागतो. स्क्रू सैल होतात, सांधे किंचित् उघडतात, तारा एकमेकींवर घासतात. उलट पक्षीं, तीच गाडी वर्षांतून कित्येक महिने अंगणांत निश्चल उभी असते. मग टायर एकाच जागीं दबून राहतात, बॅटरी निजते ती उठत नाहीं, आणि नळांत पाणी कुजतें. चालण्यानें झीज आणि उभें राहण्यानेंहि झीज, असा हा दुहेरी प्रकार आहे.

दुसरी गोष्ट कायद्याची. ग्रेट ब्रिटनमध्यें गाडीस तीन वर्षें झालीं कीं पुढें दरवर्षीं तिची सरकारी तपासणी करून घ्यावी लागते. तींत ब्रेक, दिवे, सुकाणू, टायर इत्यादि पाहतात. परंतु गाडीवर जें घर बसविलेलें असतें, त्याच्या भिंतीला ओल आली आहे काय, शेगडीचा वायु गळतो काय, पाण्याची टाकी स्वच्छ आहे काय, हें त्या तपासणींत येत नाहीं. चाकांची परीक्षा सरकार घेतें. घराची परीक्षा धन्यानेंच घ्यावयाची. ती न घेतल्यास काय होतें, हें आतां क्रमानें पाहूं.

या घराचा पहिला शत्रु पाऊस. मोटरहोमची भिंत आपल्या भिंतीसारखी भरीव नसते. बाहेरून ॲल्युमिनियमचा अथवा काचतंतूंचा पातळ पत्रा, आंतून प्लायवुडची पातळ फळी, आणि दोहोंच्या मध्यें लांकडी पट्ट्यांचा सांगाडा व थंडी अडविणारा हलका फेस, अशी तिची रचना असते. जेथें छप्पर व भिंत मिळतात, जेथें खिडकी, छपरांतील झरोका किंवा दिवा बसविलेला असतो, तेथें सांधा येतो. आणि त्या सांध्यांत मॅस्टिक नांवाचें एक चिकट, मऊ लुकण भरलेलें असतें. हें लुकण मऊ असतें तोंवर गाडीच्या हालचालीबरोबर तें ताणतें व आकसतें. परंतु वर्षें लोटलीं, ऊन खाल्लें, कीं तें कडक होऊन त्यास भेग पडते. ती भेग केसाएवढी असली तरी पुरे. दिव्याची वात जशी तेल वर ओढते, तशी बारीक भेग पाणी आंत ओढून घेते. केशाकर्षणाचा हा नियम आपण शाळेंत शिकलों आहों. आंत गेलेलें पाणी लांकडी पट्टीच्या आधारानें धांवतें आणि चार हात अंतरावर डाग होऊन प्रकट होतें. म्हणून डाग दिसला तेथेंच गळती आहे असें समजूं नये. गळती बहुधा त्याहून उंच जागीं असते.

मुलीच्या शेजारीं एक निवृत्त गृहस्थ राहत. आयुष्यभराच्या शिलकेंतून त्यांनीं जुनी परंतु दिसावयास टवटवीत अशी गाडी विकत घेतली होती. विकणाऱ्यानें ती धुवून पुसून, आंत सुगंधी द्रव्य मारून दिली होती. दुसऱ्या हिवाळ्यांत बिछान्याच्या उशालगतची भिंत आंगठ्यानें दाबतांच भाकरीच्या ओल्या पिठासारखी खचली. आंतील फळी उकलून पाहतां सांगाड्याच्या पट्ट्या हातानें कुसकरण्याजोग्या झालेल्या आढळल्या. भिंत पुन्हां बांधण्याचा जो खर्च सांगण्यांत आला, तो गाडीच्या अर्ध्या किंमतीहून अधिक होता. आणि हें सर्व झरोक्याच्या एका सांध्यामुळें, ज्यास वेळींच नवें लुकण लावण्यास एक दुपार पुरली असती! त्या गृहस्थांचा शांत, ओढलेला चेहरा मला आजहि आठवतो. ज्या गाडीनें म्हातारपणीं त्यांस देश दाखवावयाचा, तीच अंगणांत उभी राहून त्यांची चिंता झाली.

हें टाळावयाचें कसें? आपल्या कोंकणांत मृगापूर्वीं घर शाकारतात; कौल न् कौल चाळून फुटकें बदलतात. तोच न्याय येथें लावावा. वर्षांतून दोनदां कोरड्या दिवशीं शिडी लावून छपराचे सर्व सांधे डोळ्यांनीं पहावे व बोटांनीं चांचपावे. छपरावर पाय देऊं नये, कारण बहुतेक छपरें माणसाच्या भारासाठीं केलेलीं नसतात. आंतील बाजूस कपाटांचे कोपरे, खिडक्यांच्या खालची भिंत व बिछान्याखालील जागा आंगठ्यानें दाबून पहावी, आणि नाकाचाहि उपयोग करावा. कुबट वास डागापूर्वीं येतो. ओल मोजण्याचें एक लहान यंत्रहि मिळतें. ओल्या लांकडांतून वीज अधिक सुलभ रीतीनें जाते या तत्त्वावर तें चालतें. आंकडा शेंकडा १५ पर्यंत असेल तर चिंता नाहीं. १५ ते २० असेल तर लक्ष ठेवावें. २० च्या वर गेला तर कारण शोधावें. आणि ३० च्या वर असेल तर लांकूड बिघडूं लागलें आहे असें बहुधा समजावें. एका आंकड्यापेक्षां प्रत्येक खेपेस त्याच जागेचा आंकडा वहींत टिपून मागल्याशीं ताडून पाहणें अधिक उपयोगी असतें.

सांधा दुरुस्त करण्याचें काम संथ परंतु सोपें आहे. प्रथम वरची पट्टी काढून स्क्रू क्रमानें डबींत ठेवावे. जुनें लुकण लांकडाच्या किंवा प्लॅस्टिकच्या पातीनें खरडावें. लोखंडी पातीनें पत्र्यावर ओरखडे उठतात. उरलेला चिकटा टर्पेंटाइनसारख्या द्रव्यानें पुसून काढावा. मात्र तें द्रव्य खिडकीच्या तावदानास लागूं देऊं नये, कारण हीं तावदानें कांचेचीं नसून ॲक्रिलिकचीं असतात व असल्या द्रव्यांनीं त्यांवर बारीक भेगांचें जाळें उमटतें. आंतलें लांकूड ओलें असल्यास तें पूर्णपणें वाळेपर्यंत, मग त्यास कित्येक आठवडे लागोत, सांधा बंद करूं नये. ओल आंत कोंडणें म्हणजे रोग आंत कोंडणें होय. नंतर ब्युटाइल नांवाच्या लुकणाची पट्टी अखंड बसवावी, स्क्रू समोरासमोरचे थोडेथोडे आंवळीत जावें, आणि बाहेर आलेलें लुकण दुसऱ्या दिवशीं कापून टाकावें. पुष्कळ लोक श्रम वांचविण्यासाठीं जुन्या सांध्यावरूनच स्नानगृहांतील सिलिकोनची रेघ ओढतात. हा मलमपट्टीचा प्रकार होय. सिलिकोन एकदां लागलें कीं त्या जागीं पुढें दुसरें कोणतेंहि लुकण नीट धरत नाहीं; शिवाय त्याच्या कांहीं जातींतून वाळतांना व्हिनेगरचें आम्ल सुटतें, तें ॲल्युमिनियमला खातें.

दुसरा विषय वायूचा. येथें हानि लांकडाची नसून प्राणांची आहे. म्हणून आपण विशेष लक्ष द्यावें. मोटरहोममध्यें स्वयंपाक, ऊब व बहुधा शीतकपाटहि सिलिंडरमधील वायूवर चालतें. हा वायु आपल्या घरगुती सिलिंडरमधल्याच जातीचा असतो. तो दोन प्रकारचा: ब्युटेन आणि प्रोपेन. ब्युटेन शून्य अंशाच्या किंचित् खालींच उकळतो, तर प्रोपेन उण्या ४२ अंशांवर. अर्थात् बर्फ पडण्याच्या दिवसांत ब्युटेनचें सिलिंडर भरलेलें असूनहि शेगडी पेटत नाहीं, कारण आंतील द्रवाची वाफच होत नाहीं. असें झालें म्हणजे कित्येक अजाण माणसें सिलिंडर शेकावयास निघतात. तसें कदापि करूं नये. हिवाळ्यासाठीं प्रोपेन घ्यावा, हाच त्यावर उपाय.

हे दोन्ही वायु हवेहून जड असतात. प्रोपेन सुमारें दीडपट, ब्युटेन सुमारें दुप्पट. गळलेला वायु वर उडून जात नाहीं, तो पाण्याप्रमाणें खालीं सांचतो. म्हणून सिलिंडरच्या कपाटाच्या तळास भोंकें मुद्दाम ठेवलेलीं असतात. थंड वारा येतो, उंदीर येतो, अशा सबबींवर कोणी तीं चिंध्यांनीं बुजवितो, आणि आपल्या हातानें आपल्या घराखालीं सुरुंग पेरतो. हीं भोंकें व भिंतींतील कायमचे झरोके मोकळे आहेत कीं नाहींत, हें दर प्रवासापूर्वीं पहावें. गळतीचा संशय आल्यास सांध्यावर साबणाचें पाणी लावावें. बुडबुडे आले कीं गळती आहे. काडी पेटवून गळती शोधणाऱ्याची दुसरी खेप होत नाहीं. रबरी नळीवर तिच्या उत्पत्तीचें साल छापलेलें असतें; तें वाचून, नळी जुनी अथवा भेगाळलेली असल्यास ती बदलून घ्यावी.

परंतु गळणाऱ्या वायूला निदान वास असतो. कार्बन मोनॉक्साइडला वासहि नसतो. ज्वाला निळी व स्थिर असेल तर ज्वलन पूर्ण होत आहे. ती पिवळी, काजळी धरणारी झाली तर हवा अपुरी पडत आहे असें जाणावें. अपुऱ्या हवेंत जळणाऱ्या अग्नीपासून हा विषारी वायु निर्माण होतो. रक्तांतील जो पदार्थ प्राणवायु वाहून नेतो, त्यास हा वायु प्राणवायूपेक्षां दोनशेंहून अधिक पट घट्ट चिकटतो. डोकें दुखणें, मळमळणें, गुंगी येणें हीं त्याचीं लक्षणें; माणूस प्रवासाचा शीण समजून निजतो, आणि तो उठत नाहीं. निखाऱ्याची शेगडी विझत आली म्हणून उबेसाठीं ती गाडींत अथवा तंबूंत घेतल्यानें अख्खीं कुटुंबें निजल्या जागीं दगावलीं आहेत. आपल्याकडेहि बंद खोलींत शेगडी ठेवून निजल्यानें असे अपघात होतात, हें आपण जाणतां. या वायूची सूचना देणारी घंटा बाजारांत मिळते. ती बसवावी, दरमहा तिची कळ दाबून ती वाजते कीं नाहीं हें पहावें, आणि तिच्यावर लिहिलेली मुदत संपतांच ती बदलावी. घंटा वाजल्यास वाद न घालतां सर्वांस बाहेर काढावें, मग कारण शोधावें.

तिसरा विषय विजेचा. अशा गाडींत दोन बॅटऱ्या असतात. एक यंत्र सुरू करण्यास आणि दुसरी घरास. घराच्या बॅटरीचा हिशेब तिसरीच्या मुलासहि करतां येईल. समजा, जुन्या शिशाच्या जातीची १०० अँपिअर-तासांची बॅटरी आहे. ही जात अर्ध्याहून अधिक रिकामी केली तर तिचें आयुष्य झपाट्यानें घटतें. म्हणून खर्चावयास ५० च समजावे. आतां १२ व्होल्टवर १८ वॅटचे दिवे चार तास लावले तर ६ अँपिअर-तास गेले. पंप दिवसांतून पाव तास चालला तर १ गेला. दूरचित्रवाणी दोन तास पाहिली तर ५ गेले. रात्रभर ऊब खेळविणारा पंखा सुमारें ८ खातो. बेरीज २०. म्हणजे अडीच दिवस भांडवल पुरेल. जमा किती हें व्होल्टमापकावर समजतें: बॅटरी कांहीं तास स्वस्थ ठेवून पाहिल्यास १२.७ म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी, आणि १२ च्या खालीं म्हणजे जवळजवळ रिकामी. ती रिकामी ठेवून दिल्यास आंतील शिशाच्या पट्ट्यांवर गंधकयुक्त क्षाराचे कठीण कण जमतात व मग ती भार घेत नाहीं. अलीकडे लिथियमच्या बॅटऱ्या आल्या आहेत. त्या जवळजवळ पूर्ण खर्चतां येतात. परंतु त्यांचें व्होल्टमान शेवटपर्यंत सारखेंच राहत असल्यामुळें वरील कोष्टक त्यांस लागू पडत नाहीं, आणि शून्य अंशाखालीं त्यांस भार देतां येत नाहीं.

बॅटरी काढतांना ऋण टोंक प्रथम सोडावें व बसवितांना तें शेवटीं जोडावें. कारण असें कीं, गाडीचें सर्व लोखंडी अंग ऋण टोंकाशीं जोडलेलें असतें. धन टोंकावर पान्हा असतां तो चुकून अंगास लागला, तर क्षणांत ठिणगी पडून पान्हा लाल होतो. ऋण आधीं सोडलें असेल तर मंडलच पुरें होत नाहीं. फ्यूजसंबंधींहि एक शब्द. फ्यूज ही सांखळींतील मुद्दाम अशक्त ठेवलेली कडी आहे. तार जळण्यापूर्वीं ती जळावी एवढ्याचसाठीं तिचा जन्म. आपल्याकडे फ्यूज उडाला कीं जाड तांब्याची तार गुंडाळण्याची जी घातक चाल होती, तिचें मोटरहोममध्यें फळ म्हणजे प्लायवुडच्या घरास आग. तेव्हां त्याच मापाचा फ्यूज घालावा. तोहि उडाला तर फ्यूज न बदलतां घासलेली तार शोधावी. बाहेरून २३० व्होल्टची वीज घेतली असतां रक्षक स्विचाची तपासणीची कळ दाबून तो पडतो कीं नाहीं एवढें पहावें. त्यापलीकडे त्या विजेस हात लावूं नये.

चौथा विषय थंडीचा. पाणी थंड होतांना चार अंशांपर्यंत आकसतें व तेथून पुढें प्रसरण पावूं लागतें. आणि त्याचें बर्फ झालें म्हणजे आकारमान शेंकडा सुमारें ९ नें वाढतें. बंद नळांत या ९ भागांस जागा कोठें? नळ फुटतो, तोटी चिरते, पाणी तापविण्याची टाकी उलते. म्हणून हिवाळ्यापूर्वीं सर्व पाणी काढून टाकावें. त्यांत एक मर्म आहे. गरम व थंड पाण्याची तोटी एकच असेल तर तिचा दांडा मध्यावर ठेवून ती उघडावी, नाहींतर एका बाजूचें पाणी आंतच राहतें. आणि स्नानाची झारी खालीं सोडून तिच्या नळींतलें पाणीहि गळूं द्यावें. पाणी निघाल्यावर तोट्या बंद करूं नयेत. वसंतापर्यंत त्या उघड्याच राहूं द्याव्या. वसंतांत टाकी क्लोरिनयुक्त द्रव्यानें धुवून, दोनतीनदां स्वच्छ पाण्यानें खळबळून, मगच तिचें पाणी तोंडीं लावावें.

पांचवा विषय टायरांचा व भाराचा. मोटरहोम वर्षांतून थोडेंच चालतें, म्हणून त्याचे टायर झिजत नाहींत. ते म्हातारे होतात. नक्षी नव्यासारखी दिसते आणि रबर आंतून ठिसूळ झालेलें असतें. टायरच्या कडेस चार आंकडे कोरलेले असतात. ३२१९ असें असेल तर तो २०१९ सालच्या ३२ व्या आठवड्यांत तयार झाला असें वाचावें. पांच वर्षांनंतर दरवर्षीं तो जाणत्याकडून तपासून घ्यावा आणि बगलेवर भेगा दिसतांच, नक्षी कितीहि शाबूत असो, बदलावा. चाक बदलल्यास सुमारें ५० किलोमीटर चालून नट पुन्हां ठराविक मापानें आंवळावे. आणि नुसत्या जॅकवर तोललेल्या गाडीखालीं कोणीहि, एका मिनिटासाठींहि, शिरूं नये. खालीं भक्कम घोडे लावल्याशिवाय तें काम हातीं घेऊं नये.

भाराचें गणित बहुतेकांचें चुकतें. पुष्कळशा गाड्यांची मर्यादा ३५०० किलोची असते. समजा, सामानासाठीं ४०० किलो उरले. जोडीदाराचे ६५, छताबाहेरच्या कनातीचे ४०, दोन सायकली व त्यांची चौकट मिळून ५५, दुसऱ्या बॅटरीचे २५, शिधा व भांडीं ६०, कपडे ४०, खुर्च्या-टेबल ३०, सूर्यशक्तीच्या फळीचे २०; बेरीज ३३५. अजून ऐसपैस जागा आहे असें वाटतें. आतां टाकींत १०० लिटर पाणी भरा, झाले ४३५! एकहि वस्तु चैनीची नसतां मर्यादा ओलांडली. अधिक भारानें टायर तापतो, ब्रेक उशिरां लागतो आणि कायदाहि मोडतो. साखर कारखान्याच्या फाटकावर उसाची गाडी जशी कांट्यावर घालतात, तशी आपली गाडी प्रवासाच्या सर्व सामानासह एकदां कांट्यावर घालावी, आणि पुढील व मागील आंसावरचा भार निराळा मोजून घ्यावा.

आतां शेवटीं मुख्य प्रश्न: आपण काय करावें, आणि काय करूं नये? माझ्या मतें कसोटी अशी आहे. ज्या कामांत चूक झाली असतां ती डोळ्यांस दिसते व पुन्हां सुधारतां येते, तें काम आपलें. सांधा लिंपणें, नळ बदलणें, दिवा बसविणें, बिजागरीस तेल घालणें, टाकी धुणें, ओल मोजणें हीं सर्व कामें धीराच्या कोणत्याहि माणसास साधतील. ज्या कामांतील चूक डोळ्यांस दिसत नाहीं आणि जिचें प्रायश्चित्त निजलेल्या माणसांस भोगावें लागतें, तें काम कारागिराचें. वायूच्या नळ्या जोडणें, उबेचें यंत्र उघडणें, २३० व्होल्टची वीज आणि ब्रेक हीं त्यांपैकीं होत. ब्रिटनमध्यें वायूचें काम करणाऱ्यांची एक अधिकृत नोंदणी आहे. २००९ पासून ती गॅस सेफ या नांवानें चालते. त्या नोंदींतील माणूस बोलवावा, आणि मोटरहोमचें काम करण्याचा अधिकारहि त्याच्या ओळखपत्रावर आहे काय तें वाचावें. त्याची मजुरी जड वाटल्यास, आपण सांध्यांचें काम स्वहस्तें करून जें वांचविलें, तें येथें खर्चावें.

या सर्वांहून स्वस्त परंतु मोलाचें हत्यार म्हणजे एक शंभर पानी वही. कोणत्या तारखेस काय पाहिलें, ओलीचा आंकडा किती आला, नळी केव्हां बदलली, टायर कोणत्या सालचे, घंटेची मुदत कधीं संपते, हें तींत लिहावें. स्मरणशक्ति खुशामती असते. 'परवांच तर पाहिलें' असें ती सांगते. वही मात्र 'चौदा महिने झाले' असें रोखठोक सांगते. गाडी विकण्याचा प्रसंग आल्यास हीच वही तिची खरी किंमत राखते.

आपणांपैकीं जे कोणी येथें महाराष्ट्रांत अशी गाडी भाड्यानें घेऊन निघतील, त्यांनींहि निदान चार गोष्टी विचाराव्या: विषारी वायूची घंटा आहे काय व ती वाजते काय, सिलिंडरच्या कपाटाचीं भोंकें मोकळीं आहेत काय, टायर कोणत्या सालचे, आणि आग विझविण्याचें साधन कोठें आहे. कोंकणांत नेणार असाल तर आणखी एक. तिकडचा चार महिन्यांचा पाऊस इंग्लंडच्या रिमझिमीसारखा नव्हे, आणि समुद्रावरचा खारा वारा लोखंडाचा वैरी. तेव्हां परत आल्यावर गाडीचें पोट गोड्या पाण्यानें धुवावें, आणि सांधे पुन्हां पहावे.

सारांश, चाकांवरचें घर हें हौसेचें असलें तरी त्यांत निजणारीं माणसें खरीं असतात. जो मनुष्य आपल्या घराचा सांधा स्वतः उघडून पाहतो, त्यास तें घर कळूं लागतें; आणि ज्यास तें कळतें, त्यास आपला हात कोठें थांबवावा हेंहि कळतें. एवढें सांगून मी आपली रजा घेतों.